पुढच्या सीटवर विष्णू

विमानं दुरुस्त करण्यात ज्याची पंचवीस वर्षं गेली, त्या विष्णू खैरनारला विमानात बसायची जाम भीती वाटायची. हसू नका. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाच्या पोटात तो दिवसभर घुसून बसेल, पण तेच विमान हलायला लागलं की ह्याचे पाय लटपटलेच म्हणून समजा. शहात्तर साली मुंबईहून न्यूयॉर्कला येताना त्यानं सगळा वेळ खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, आणि नंदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, बाथरूमला जायचं तर त्याच्या गुडघ्यांवरून ओलांडून जावं लागलं होतं. त्यामुळे शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये डॉक्टर रांगणेकरांच्या त्या जुन्या जर्मन विमानात, पुढच्या सीटवर, विष्णू आपणहून चढून बसला, तेव्हा विमान ठेवायच्या हँगरच्या दारात उभ्या नंदानं तोंडाचा आ केला. आणि एकदा नाही, महिन्याभरात सात वेळा बसला. तिथल्या मराठी मंडळातले लोक म्हणाले, चला, विष्णूची भीती मोडली एकदाची. भीती कसली मोडतेय! त्या विमानाच्या डाव्या पंखातलं लाकूड आतून सुटलेलं होतं. हे साऱ्या जगात एकट्या विष्णूला ठाऊक होतं, म्हणून तो बसत होता.

आता तुम्ही म्हणाल, माहीत होतं तर बोलला का नाही? त्यासाठी आधी हा माणूस समजून घ्यायला हवा.

विष्णू नाशिकच्या एका सुताराचा मुलगा. सतराव्या वर्षी हवाई दलात भरती झाला, हुद्द्यानं साधा फिटर. लाकडी पंखांवर कापड ताणून शिवायचं, त्यावर लेप चढवायचा, हे काम तेव्हाच मागं पडत चाललं होतं, पण ह्याच्या हातात वडिलांचं सुतारकाम उतरलेलं, त्यामुळे जुनी शिकाऊ विमानं आली की साहेब लोक म्हणायचे, खैरनारला बोलवा. साहेब म्हणाले की हा ‘जी सर’ म्हणून उभा. पंधरा वर्षं ‘जी सर’ म्हणून म्हणून त्याची मानच तशी घडली होती. मग नंदाच्या भावानं, गिरीशनं, दोघांना ओहायोत बोलावून घेतलं, आणि वर्षभरात नंदाच्या पोटात गाठ निघाली. ना धड नोकरी, ना इन्शुरन्स. कोलंबसच्या त्या मोठ्या इस्पितळात कोण दाद देतंय! तेव्हा डॉक्टर चारुदत्त रांगणेकर उभे राहिले. ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं. नंतर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ नंदाच्या उशाशी येऊन, ‘काय वहिनी, आज वरण-भात खाणार का?’ म्हणून विचारायचे. मग विष्णूला गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर चिकटवून दिलं, सरकारी लायसन्सच्या परीक्षेचे फॉर्म स्वतःच्या हातानं भरले, आणि तो पास झाला तेव्हा सगळ्या मंडळाला श्रीखंड खाऊ घातलं. देवमाणूस म्हणतात ना, तसाच. फक्त देवासारखंच त्यांना कुणी उलट बोललेलं खपायचं नाही.

ह्या देवाला पन्नाशीनंतर विमानाचं वेड लागलं. कोलंबसजवळच्या डब्लिनला मोठं घर होतं, एक साधं चार सीटचं विमानही होतं, पण मन भरेना. चौऱ्याऐंशीत त्यांनी दक्षिण अमेरिकेतून तीन खोकी मागवली. आत एक सुटं केलेलं दुपंखी विमान, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं. स्टीग्लिट्झ नावाचं. जर्मन भाषेत तो म्हणे एक चिमणीएवढा गाणारा पक्षी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनांनी आपल्या पोरांना वैमानिक करायला हे बांधलं, त्यातली काही परदेशी हवाई दलांना विकली, आणि त्यातलं हे एक पन्नास वर्षांनी ओहायोतल्या मक्याच्या शेतांमध्ये येऊन पडलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, सात सिलिंडरचं गोल इंजिन, आणि पंख मात्र लाकडाचे, वरून कापड. एकामागं एक दोन उघड्या सीटा, दोन्हीकडे उडवायची काठी. डॉक्टर म्हणाले, ‘विष्णू, हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.’ आणि खरं सांगायचं तर विष्णूला त्या दिवशी रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

दीड वर्ष तो त्या विमानाला चिकटलेला होता. पंखाच्या आत लांबीनं दोन लाकडी वासे जातात, पंखाचा सगळा भार त्यांच्यावर. ते वासे पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून केलेले, आणि चिकटवायला जुन्या लोकांनी वापरलेला सरस हा नासवलेल्या दुधापासून केलेला. सुकलेला असला तर दगड. ओल लागली तर मात्र त्याला बुरशी येते आणि तो भुगा होतो. विष्णूनं प्रत्येक जोड ठोकून पाहिला, पाती घालून पाहिला, सगळं ठणठणीत निघालं, आणि मग पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी त्यानं पंखांवर कापड चढवलं. हाताचे टाके इतके सारखे की बघणारे गोरे मेकॅनिक शिट्टी मारायचे. पंख हँगरच्या मागच्या भिंतीला उभे करून ठेवले. थंडी आली, बर्फ पडलं.

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि घात झाला. छप्पर गळत होतं, नेमकं डाव्या खालच्या पंखावर, आणि किती दिवस गळत होतं देव जाणे. कापडाला बाहेरून काही झालं नव्हतं. पण पंखाच्या बुडाला पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं, तिथं विष्णूनं नाक लावलं तर कुबट वास. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा त्यानं तपासणीच्या झाकणातून आत सरकवला, टॉर्च मारला. वाशावर पांढरी बुरशी. पोलादाची कागदाएवढी पातळ पट्टी जोडावर टेकवली, तर ती लोण्यात सुरी जावी तशी बोटभर आत गेली. विष्णूनं मनात हिशेब मांडला. कापड फाडायचं, फळी उचकटायची, वासा नवा करायचा, पुन्हा कापड, पुन्हा लेप, पुन्हा रंग. एकट्या माणसाला आठ महिने. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी डॉक्टरांना साठ वर्षं पूर्ण होत होती. सकाळी साठीशांत, दुपारी विमानतळावर जेवण, आणि तीनला डॉक्टर पाहुण्यांसमोर विमान उडवणार, हे तर वर्षापूर्वीच ठरलेलं.

सांगायला तो गेला. गेला नाही असं कुणी म्हणू नये. पहिल्यांदा गेला तेव्हा घरात पाहुणे होते. ‘साहेब, डाव्या पंखाचं जरा बघायला लागेल,’ एवढं तो बोलला. डॉक्टर म्हणाले, ‘अरे बघ ना! बघायला तू आहेसच की!’ आणि पाहुण्यांकडे वळून, ‘हा विष्णू. ह्याच्या हातात जादू आहे.’ झालं. ह्याचं तोंड शिवलं गेलं. सुहासिनीवहिनींनी, डॉक्टरांच्या बायकोनं, चहा आणून दिला, तो पिऊन गडी परत आला. दुसऱ्यांदा गेला तर आमंत्रणपत्रिका छापून आलेल्या, त्यावर विमानाचं चित्र. मे महिन्यात तिसऱ्यांदा गेला तेव्हा मनाशी पक्कं करून गेला होता. ‘साहेब, वाशाचा जोड मला बरोबर वाटत नाही, वेळ लागेल,’ म्हणाला. डॉक्टरांचा चेहरा बदलला. ‘किती वेळ?’ विचारलं. विष्णू आठ महिने म्हणणार होता. त्यांच्याकडे बघून तोंडातून निघालं, ‘थोडा.’ ‘मग कर की! मला ह्या वयात आणखी किती थांबवणार तू?’ आणि विष्णू म्हणाला, ‘जी.’

मला तर हे सांगतानाही संताप येतो. अरे बाबा, ज्यानं बायको वाचवली त्याचं मन मोडवत नाही हे कळतं, पण त्याचा जीव? विष्णूला ते कळत नव्हतं असंही नाही. त्यानं आपल्या परीनं तपासणीच्या झाकणातून सुई घालून नवा सरस सोडला, जेवढा हात पोचला तेवढ्या भागात, आणि तेवढ्यानं भागलं असेल असं स्वतःला रोज सकाळी समजावलं, आणि दुपारपर्यंत त्याला स्वतःलाच ते पटेनासं व्हायचं. वजन उतरलं. नंदा विचारायची, ‘अहो, काय होतंय तुम्हाला?’ तर ‘ॲसिडिटी’ म्हणायचा. जुलैमध्ये कागदपत्रांची वेळ आली. विमान उडण्यास योग्य आहे, असं लॉगबुकात लिहून खाली लायसन्सचा नंबर घालून सही करायची होती. डॉक्टर शेजारी उभे, खांद्यावर हात ठेवून. विष्णूनं सही केली.

मग त्याला एकच मार्ग सुचला. डॉक्टर पहिल्यांदा उडवायला निघाले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, मी पण येतो.’ डॉक्टर इतके खूश झाले! सगळ्यांना सांगत सुटले, ‘माझा मेकॅनिक स्वतः बसतो, आहात कुठे!’ शिकवण्याचं विमान असल्यामुळे त्यात एक रबरी नळी होती. मागचा, म्हणजे उडवणारा माणूस नळीच्या तोंडाशी बोलायचा आणि पुढच्याच्या टोपीत, कानाशी, ते ऐकू यायचं. एकाच बाजूनं. गुरूनं बोलायचं, चेल्यानं ऐकायचं, चेल्याला उत्तर द्यायची सोयच नाही. डॉक्टरांनी हौसेनं ती नळी जशीच्या तशी बसवून घेतली होती. सातही वेळा विष्णू पुढच्या सीटवर डोळे त्या डाव्या पंखावर लावून बसला, आणि कानात डॉक्टरांचा आवाज, ‘ते बघ आपलं डब्लिन! घाबरलास का रे?’ सरळ जायचे, हळू वळायचे, उतरायचे. पंख टिकत होता. उतरलं की विष्णू हँगरच्या मागं जाऊन ओकायचा.

साठीच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. नव्वद माणसं आली होती, क्लीव्हलँडपासून, डेट्रॉइटपासून. बायका पैठण्या नेसून गवतावर खुर्च्या टाकून बसल्या होत्या, पोरं विमानाभोवती नाचत होती. डॉक्टरांची मुलगी रुपाली कॅमेरा घेऊन आली होती, क्लीव्हलँडला वकिली शिकत होती ती. डॉक्टर चामड्याची टोपी घालून आले तेव्हा टाळ्या पडल्या. विष्णू पुढं चढला. सरळ जायचं, दोन चकरा मारायच्या, उतरायचं, आज एवढं निभावलं की उद्याच्या उद्या काहीतरी कारण काढून पंख उघडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. देवाचं नाव घेऊन पट्टा आवळला.

वर गेल्यावर दोन चकरा झाल्या. मग विमान उतरायच्या दिशेला वळायच्या ऐवजी आणखी वर चढायला लागलं. विष्णूच्या लक्षात येईना. तेवढ्यात कानात आवाज आला. ‘विष्णू, तुला सांगितलं नव्हतं. उन्हाळाभर मी एका मास्तरकडे शिकतोय. आज कोलांटी मारणार! सुहासिनीलाही माहीत नाही. धरून बस!’

‘नको! साहेब, नको!’ विष्णू ओरडला. वाऱ्यानं ते शब्द तोंडातून काढून नेले. त्यानं मागं वळून हात हलवले, तर डॉक्टरांनी हसून अंगठा दाखवला. आणि विमानानं नाक खाली केलं.

कोलांटी मारायला आधी सूर मारून वेग घ्यायचा आणि मग काठी पोटाशी खेचायची. त्या खेचण्यानं पंखांवर चौपट भार येतो, हे विष्णूला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. वरचे-खालचे पंख बांधून ठेवणाऱ्या तारा शिट्टी मारायला लागल्या. पायांमधली काठी मागं सरकायला लागली, तशी विष्णूनं ती दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डॉक्टरांच्या विरुद्ध जोर लावला. ‘सोड! काठी सोड, गाढवा!’ कानात आवाज फुटत होता. पण सगळीच अडवूनही चालणार नव्हतं, कारण मक्याचं शेत समोरून वर येत होतं. म्हणून तो काठीला एकेक दोराभर मागं जाऊ देत होता, दात खाऊन, रडत, आणि डोळे पंखावर. डावीकडून कट्ट असा आवाज आला. विष्णूला वाटलं, संपलं. नंदा खाली बघत असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. पण पंख राहिला. विमान हळूहळू सरळ झालं, मक्याच्या तुऱ्यांवरून गेलं, आणि डॉक्टरांनी ते तसंच आणून गवतावर टेकवलं.

खाली लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काय माहीत! डॉक्टरांनी इंजिन बंद केलं, उडी मारून उतरले, चेहरा लालबुंद. ‘भित्रा लेकाचा! दोघांनाही मारलं असतंस! उतर खाली!’ सगळ्यांदेखत. विष्णू उतरला. तो बोलायचा प्रयत्न करत होता, ‘साहेब, पंख, पंख,’ एवढंच जमत होतं. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी हाक मारली, ‘रुपाली, ये बेटा, तू चल. तुला दाखवतो कोलांटी.’

‘ओ माय गॉड, रिअली, डॅडी?’ म्हणत रुपालीनं कॅमेरा आईकडे दिला आणि धावत आली. पुढच्या सीटवर चढून पट्टा शोधायला लागली.

विष्णूच्या खिशात दोरे कापायची सुरी असायची. त्यानं ती काढली आणि डाव्या खालच्या पंखाच्या बुडाशी खुपसून टराटरा ओढली. स्वतः घातलेले टाके, स्वतः चढवलेला लेप, वीतभर नाही, चांगलं हातभर फाडलं. कुणीतरी म्हणालं, ह्याला वेड लागलंय, धरा ह्याला. दोघांनी येऊन दंड धरले. नंदा ‘अहो!’ म्हणून किंचाळली.

डॉक्टर आले. वाकले, आणि त्या फाटक्या कापडातून हात आत घातला. ऑपरेशन करणाऱ्याची बोटं. ती वाशावरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. मग बोटं नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. हात बाहेर आला तेव्हा बोटांना काळा भुगा लागला होता. डॉक्टरांनी तो भुगा दोन बोटांत चोळून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, ‘रुपाली, उतर खाली. नीट उतर.’

‘तुला माहीत होतं?’ त्यांनी विष्णूला विचारलं.

‘जी.’

‘कधीपासून?’

‘मार्चपासून.’

‘आणि सही केलीस?’

‘तुम्ही म्हणालात म्हणून, साहेब.’

डॉक्टरांनी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती टोपी काढून गवतावर टाकली आणि गाडीकडे चालत गेले. त्या दिवशी केक तसाच राहिला.

सोमवारी विष्णूनं स्वतःच सरकारी कचेरीत फोन केला आणि आपण खोटी सही केली म्हणून सांगितलं. लायसन्स गेलं. नंदाच्या ओळखीनं एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये खुर्च्या घासायचं काम मिळालं. मंडळात दोन तट पडले. एक म्हणे, विष्णूनं पोरीचा जीव वाचवला, दुसरा म्हणे, ह्यानंच तर तो धोक्यात घातला होता. दोन्ही बाजूंचं विष्णूला खरंच वाटायचं. डॉक्टरांकडून फोन नाही, निरोप नाही. त्यानं तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. नंदा त्याला एकटं सोडत नव्हती. त्याला आता जगण्यात काही राम वाटत नाही, हे तिला दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सुहासिनीवहिनी त्यांच्या अपार्टमेंटवर आल्या. एकट्याच, स्वतः ड्राइव्ह करत. नंदानं पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. विष्णू समोर खाली मान घालून उभा होता.

‘विष्णू, मला एकच सांग,’ त्या म्हणाल्या. ‘पंख मोडणार हे तुला माहीत होतं. विमानात बसायला तू घाबरतोस हेही सगळ्यांना माहीत आहे. मग तू दर वेळी आत कशाला बसलास?’

विष्णूला तो प्रश्नच कळला नसावा. तो म्हणाला, ‘साहेबांना एकटं कसं सोडायचं, वहिनी?’

वहिनी उठल्या. साठीला आलेली, कधी आवाज न चढवणारी बाई ती. त्यांनी त्याच्या छातीवर मूठ मारली, मग दुसरी मारली, आणि तिथंच रडायला लागल्या. ‘अरे मेल्या, मला सांगायचं होतंस रे! ते नाही ऐकत कुणाचं, पण मला तरी येऊन सांगायचं! मी विमानाखाली आडवी पडले असते!’

सहा महिन्यांत विष्णूनं त्यांच्या हातचा चहा वीस वेळा तरी घेतला असेल. त्यांना सांगावं, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.